पारास्केवीचं कोपर आणि आगोरित्सा

आगोरित्साला आमच्या गावात कुणी "कशी आहेस" असं विचारत नसे, कारण ती उत्तर देत असे. "मी बरी आहे. पण तू हे विचारायला रस्त्यात थांबलास, म्हणजे तुला काम नाही, आणि तुला काम नाही म्हणजे तुझी बायको पाणवठ्यावर सांगत होती ते खरं आहे." सकाळी पाव आणायला निघालेल्या माणसाने एवढं ऐकून घ्यायचं? लोक तिला बघून रस्ता बदलत. एकाने तर रस्ता बदलण्याच्या नादात गटारात पाय मोडून घेतला, आणि त्याचं खापरही तिच्याच डोक्यावर फुटलं.

आमच्या पेत्रोव्रीसी गावात सगळे तिला 'जर्मनीण' म्हणत. जर्मन वगैरे काही नव्हती ती. आमच्याच खालच्या आळीतली, खेचरवाल्याची थोरली पोरगी. एकोणिसाव्या वर्षी श्टुटगार्टकडच्या एका कारखान्यात कामाला गेली, आणि केस पिकल्यावर परत आली. तिकडून येणारे लोक गाड्या आणतात, रंगीत टीव्ही आणतात. हिने तिथला स्वभाव आणला. आठ वाजता येते म्हणाली की आठला येणार, आणि तुम्ही आठ वाजून पाच मिनिटांनी दार उघडलंत की ती पाच मिनिटं तुम्हाला सुनावून वसूल करणार. लग्न केलं नाही. तिकडे एक तुर्की फोरमन होता असं म्हणतात. असं म्हणणारा मुख्यतः मीच. पण मी तीस वर्षं या डोंगरात टपाल वाटलं आहे, मला पाकिटांवरचं अक्षर कळतं.

कारखान्यात ती काय करत होती, हे तिने मला एकदाच नीट सांगितलं. सुईएवढी काचेची नळी. आत दोन पातळ लोखंडी पट्ट्या, टोकं एकमेकांवर आलेली, पण मध्ये केसाएवढी फट. नळीची दोन्ही तोंडं वितळवून बंद. बाहेरून लोहचुंबक जवळ आणलं की पट्ट्या चिकटतात, लांब नेलं की सुटतात. चौकटीत नळी बसवायची, दाराला चुंबक लावायचं; दार उघडलं की सायरन बोंबलतो. अशा लाखो नळ्या तिने भिंगाखाली डोळे घालून तपासल्या. "फट कमी असेल तर फेकायची, जास्त असेल तरी फेकायची," ती म्हणाली. "माणसांचं असं करता आलं असतं तर हे गाव एका टोपलीत मावलं असतं."

गावात परतल्यावर तिने हाच धंदा धरला. मंदीची वर्षं आली, चोऱ्या वाढल्या, आणि ज्यांना ती डोळ्यांसमोर नको होती त्यांनाच ती दारात हवी झाली. मेंढवाड्यांच्या फाटकांना चुंबकाचे स्विच, चीज करणाऱ्यांच्या टाक्यांच्या झाकणांना स्विच. अस्वलांनी मधमाश्यांच्या पेट्या उलथायला सुरुवात केली तेव्हा तिने पेट्यांखाली कलणारे स्विच लावले. म्हणजे छोटी डबी, आत एक गोळी. डबी सरळ आहे तोवर गोळी गप्प बसते, कलली की घरंगळते आणि अलार्म वाजतो. पहिल्याच आठवड्यात अलार्म वाजला. मधवाला बंदूक घेऊन धावला, तर पेटीपाशी त्याचा सख्खा मेव्हणा.

सरपंच आर्गिरिसच्या चाऱ्याच्या गिरणीतही तिनेच काम केलं होतं. तिथे कोठारात वरून एक कलती डबी टांगलेली. मका तिथवर चढला की डबीला ढकलून कलवतो आणि भरणारा पट्टा आपोआप बंद पडतो. आर्गिरिसच्या माणसांना हे मध्येमध्ये बंद पडणं नको होतं. त्यांनी डबी सुतळीने सरळ बांधून ठेवली आणि कॉफी प्यायला गेले. मका कोठारातून रस्त्यावर, रस्त्यावरून उतारावर, थेट खालच्या आळीत. दोन दिवस गावातल्या कोंबड्यांनी आपापल्या मालकिणींकडे ढुंकून पाहिलं नाही. आर्गिरिस चावडीसमोर ओरडला, "जर्मनीणबाईचा स्विच फसवा आहे!" दुसऱ्या दिवशी कॉफीच्या दुकानातल्या फळ्यावर, जिथे आम्ही मयताच्या सूचना चिकटवतो, तिथे ती सुतळी खिळ्याला टांगलेली होती. खाली चिठ्ठी: 'सरपंचांचा स्विच.' तेव्हापासून आर्गिरिस तिचं नाव घेतल्यावर चूळ भरतो.

पण तिची खरी दुश्मनी घरासमोर होती. थेआनो, तिची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा आगोरित्सा मातीला आली नाही. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला आली, कारण कारखान्याची सुट्टी तेव्हा लागत होती, आणि हे कारण तिने जसंच्या तसं सांगितलं. एखाद्याने खोटं सांगितलं असतं, ताप होता, गाडी चुकली. हिने सांगितलं, "सुट्टी नव्हती." पुढे ती कायमची परतली आणि समोरच्याच घरात राहू लागली, तरी थेआनो तिच्याशी बोलली नाही. बोळ दोन पावलं रुंद. एवढ्या जवळ राहून अबोला पाळायचा म्हणजे मध्यस्थ लागतो. थेआनोची एक काळी कोंबडी होती, ती तिला सांगायची. "काळे, काही लोकांनी रात्री रेडिओ लावला की शेजाऱ्यांची डोकी दुखतात." समोरून आगोरित्सा आपल्या बकरीला: "ऐक गं, काही लोकांच्या डोक्यात दुखण्यासारखं काही असतं हेच नवल आहे." अकरा वर्षं हे चाललं. मध्ये तीन कोंबड्या मेल्या. प्रत्येक नव्या कोंबडीला जुनी भांडणं पाठ होती.

आता देवळाकडे येतो.

शेजारच्या कारिदियाच्या देवळातून ख्रिसमसच्या आधी एक जुनं चित्र चोरीला गेलं. आमच्या पाद्री व्लासिसना धडकी भरली. आमच्या देवळात दारापाशी, कोरीव चौथऱ्यावर, संत पारास्केवीचं, डोळ्यांचं दुखणं बरं करणाऱ्या संतिणीचं, चित्र आहे: हातात ताट, ताटात दोन डोळे, चेहरा धुराने इतका काळवंडलेला की तिला बघायला आपलेच डोळे चांगले हवेत. तिच्यावर काच नाही. काच आमच्या बायका लावू देत नाहीत. चुंबन काचेला कशाला द्यायचं?

पाद्रीबाबा नाइलाजाने आगोरित्साकडे गेले.

"बाई, संतीणबाईंना काहीतरी बसवायला हवं."

"एवढी वर्षं त्या तुमचं रक्षण करतात असं सांगत होतात."

"बसवणार आहेस की नाही?"

"आठ वाजता येते."

तिने दाराला चुंबकाचा स्विच लावला आणि चित्रामागे कलती डबी. तिचा हिशेब सरळ होता: चित्र उचललं की कलणार, कललं की सायरन. पण ती आईच्या चाळिसाव्यानंतर प्रार्थनेला गेलीच नव्हती. आमच्या म्हाताऱ्या चित्राला नुसतं चुंबन देत नाहीत. कपाळ टेकतात, दोन्ही हातांनी धरतात, रेलून रडतात, हलवतात, गाऱ्हाणं संपेपर्यंत सोडत नाहीत. पहिल्याच संध्याकाळी नव्वदीच्या लाम्ब्रिनी आजींनी कपाळ टेकलं आणि छपराखालचा सायरन असा फुटला की आजी जागच्या जागी बसल्या. शुद्धीवर आल्यावर विचारलं, "शेवटच्या दिवसाचा न्याय सुरू झाला का?" आठ दिवसांत सायरन अकरा वेळा वाजला. गावाने आगोरित्साला धारेवर धरलं. पाद्रीबाबांच्या बायको, पाद्रीणबाई, तर म्हणाल्या, "श्टुटगार्टला देव नाही का, की तिथे देवाला हात लावत नाहीत?"

आगोरित्सा दात-ओठ खात परत आली. कलती डबी काढली आणि चुंबकाचा स्विच लावायला घेतला. पण चित्र चौथऱ्यावर बोटभर मागे-पुढे हलत होतं, साधं चुंबक तेवढ्यात सुटायचं आणि पुन्हा बोंब. म्हणून तिने जुन्या कॉम्प्युटरमधलं एक जबर चुंबक आणलं, चपटं, टोस्टच्या तुकड्याएवढं. ते एकदा तिच्या पेचकसाला चिकटलं तर सोडवायला दोघे लागले. ते लांबूनही नळीला धरून ठेवत होतं. चित्र पाठमोरं केलं, तर फळी मागून किडीने पोखरलेली, संतीणबाईंच्या कोपरामागे तर अशी खोल की नखाच्या जाडीचं लाकूड उरलेलं. आयतीच खोबण. तिने भुसा झाडला, चुंबक त्यात बसवलं, डिंक लावला आणि संतीणबाईंना परत गावाकडे तोंड करून उभं केलं. सायरन गप्प झाला. म्हाताऱ्या मनसोक्त रेलू लागल्या. आगोरित्साने पाद्रीबाबांकडून सही घेतली आणि म्हणाली, "आता कितीही रडा."

तुम्हाला आमचा नवस ठाऊक असेलच, तरी सांगतो. मागणं मनात धरायचं, नाणं चित्रावर दाबायचं आणि बोट काढायचं. चिकटलं, तर संतीणबाईंनी ऐकलं. पडलं, तर उचलून पेटीत टाकायचं आणि घरी जायचं. माझ्या हयातीत नाणं चिकटलेलं मी चार-पाचदा पाहिलं असेल, आणि त्यातही मेणबत्तीच्या मेणाचा हात होता असा माझा संशय आहे.

ईस्टरनंतरच्या रविवारी लाम्ब्रिनी आजींनी नातवाच्या नोकरीसाठी दोन सेंटचं तांबडं नाणं दाबलं, संतीणबाईंच्या कोपराखाली, कारण आजींचा हात तेवढाच पोचतो. नाणं चिकटलं. आजींनी बोट काढलं, नाणं राहिलं. सगळी प्रार्थना संपली तरी राहिलं. आजी पुन्हा बसल्या.

त्यानंतर जे झालं ते आमच्या गावाला साजेसंच होतं. कोपरापाशी रांग लागू लागली. कारिदियाहून लोक आले, ज्यांचं स्वतःचं चित्र चोरीला गेलं होतं. आमच्या बायकांनी त्यांना रांगेत सगळ्यात मागे उभं केलं. आणि लवकरच एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली: संतीणबाई तांबडी नाणी घेतात, पिवळी घेत नाहीत. दोन सेंट, पाच सेंट चिकटतात. दहा, वीस, पन्नास खाली पडतात. पाद्री व्लासिसनी त्यावर आख्खं प्रवचन झोडलं. "गरिबाचं तांबं ती हृदयाशी धरते, आणि धनिकाचं पिवळं नाणं झिडकारते!" त्याच वेळी सरपंच आर्गिरिस चित्रासमोर पन्नास सेंटचं नाणं दाबून उभा होता. ते पडलं, गडगडत बायकांच्या बाकाखाली गेलं. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "सरपंच, सुतळीने बांधा." ते मी नव्हतो, पण मी असतो तर बरं झालं असतं.

आगोरित्साला यातलं काही माहीत नव्हतं. ती डोंगरावर मधमाश्यांच्या पेट्यांत होती, आणि तिच्याशी कोण बोलणार?

मी बोललो. माझ्या पोटात काही राहत नाही, हे मान्य. पण त्या दिवशी पोटात ठेवण्यासारखं नव्हतंच.

थेआनोच्या छातीत गाठ निघाली होती. यानिना शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं, संतीणबाईंच्या जत्रेनंतरच्या गुरुवारी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात थेआनोने तांबडं नाणं नेलं आणि दाबलं. चिकटलं. तिने तिथून सरळ कॉफीच्या दुकानात येऊन दवाखान्यात फोन केला, सगळ्यांसमोर, ताठ मानेने: "मी येणार नाही. मला बरं वाटलं आहे." पलीकडची बाई काहीतरी बोलत राहिली. थेआनोने ते ऐकून घेतलं आणि आम्हाला सांगितलंही: जत्रेनंतरच्या सोमवारी सकाळी आठपर्यंत येऊन नाव लिहिलं नाही, तर जागा दुसऱ्याला जाईल आणि मग पुढची तारीख हिवाळ्यात. "हिवाळ्यापर्यंत वाट बघता येणार नाही म्हणते ती डॉक्टरीण," थेआनो हसली. "वाट कशाला बघायची? झालंच ते."

आगोरित्सा अंगणात एका पेटीच्या डबीत नवी गोळी घालत होती. मी सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"कुठे दाबलं नाणं?"

"कोपराखाली."

"तांबडं?"

"तांबडंच. पिवळी ती घेत नाही, पाद्रीबाबांनी प्रवचन—"

तिने पेचकस खाली ठेवला. मी त्या बाईला पन्नास वर्षं ओळखतो. काम अर्धं सोडून तिने हत्यार खाली ठेवलेलं मी प्रथमच पाहिलं.

"गाढवांनो," ती म्हणाली. "तांबड्याच्या आत लोखंड असतं."

ती देवळात गेली, एक तांबडं दाबलं, चिकटलं. एक पिवळं दाबलं, पडलं. आणि परत आली. बोळात थेआनो भेंडी निवडत बसली होती. आगोरित्सा तिच्या उंबऱ्यासमोर उभी राहिली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलली.

"थेआनो."

थेआनोने कोंबडीकडे पाहिलं. "काळे, बोळात वारा फार सुटलाय आज."

"ते नाणं माझ्या चुंबकाने धरलंय. चित्रामागे मी चुंबक बसवलंय. तू बरी झाली नाहीस. सोमवारी दवाखान्यात जायचं आहेस."

"काळे, ऐकलंस? आईच्या मातीला यायला जिला सुट्टी मिळाली नाही, तिला माझ्यासाठी वेळ मिळाला."

"मी काय सांगते ते—"

"काळे, तिला विचार, संतीणबाईंच्या पाठीत खिळे ठोकताना हात झडले कसे नाहीत? आणि हे पण विचार, की मी बरी झालेली तिला का बघवत नाही? जन्मभर हिला माझं काही बघवलं नाही. माझा नवरा बघवला नाही—"

"नवरा बघण्यासारखा नव्हता."

थेआनोने भेंडीची टोपली तिच्या अंगावर फेकली. कोंबडी घरात पळाली. बोळातल्या सहा खिडक्या उघड्या होत्या, सातवी माझी.

मग ती पाद्रीबाबांकडे गेली. मला बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून. साक्षीदार व्हायला मला कधी दोनदा सांगावं लागत नाही.

"रविवारी सगळ्यांना सांगा," ती म्हणाली. "चुंबक आहे म्हणून सांगा."

पाद्री व्लासिस दाढी चोळत राहिले. "आणि ते चुंबक तिथेच बसवण्याची बुद्धी तुला कुणी दिली, आगोरित्सा? असं कधी मनात आलं का, की संतीणबाईंनीच—"

"बुद्धी किडीने दिली. भोक तिथे होतं."

"पुढच्या शनिवारी जत्रा आहे. बाहेरगावचे लोक यायचेत. जत्रेनंतर बोलू."

"जत्रेनंतर सोमवार आहे."

"हे बघ, थेआनोची श्रद्धा—"

"थेआनोची गाठ," आगोरित्सा म्हणाली. "बोला, गाठ म्हणा. तोंड विटाळणार नाही."

पाद्रीबाबा उठले. "चित्राला हात लावलास तर देवळाची वस्तू पळवली म्हणून पोलिसांना बोलावीन. ते चुंबक आता देवळाचं आहे. तुझीच सही आहे कागदावर."

"सही तुमची आहे," ती म्हणाली. "माझी नुसती तारीख." आणि दार इतक्या हळू लावलं की मला आपटण्यापेक्षा ते जास्त लागलं.

जत्रेच्या दिवशी चित्र देवळाबाहेर निघतं, गावातून फिरतं आणि चिनाराच्या झाडाखाली टेबलावर बसतं. चित्र उचलायचं तर सायरन बंद करायला हवा, आणि सायरनची चावी आगोरित्साकडे. पाद्रीबाबांनी हे लक्षात घेतलं नव्हतं. त्यांना तिला बोलवावंच लागलं. ती आली, काळा झगा, कमरेला हत्यारांचा पट्टा. चावी फिरवली, खिशात घातली, आणि मिरवणुकीच्या अगदी शेवटी, कुणी शेजारी चालत नाही अशा जागी, चालत राहिली.

चिनाराखाली रांग लागली. थेआनो रांगेत नव्हती. ती टेबलाच्या बाजूला खुर्चीवर बसली होती, निळ्या फुलांच्या झग्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना आपली गोष्ट सांगत. तिचं नाणं कोपराखाली अजून होतं. कुणी ते काढायचं नाही असा तिचा हुकूम. सरपंच आर्गिरिस लांब एका झाडाला टेकून त्सिपुरो, आमची द्राक्षांची कडक दारू, पीत होता आणि चित्राकडे बघायचंच नाही असा निश्चय करून बघत होता.

आगोरित्सा रांग सोडून सरळ टेबलाशी गेली. "जरा बाजूला," असं म्हणून तिने लाम्ब्रिनी आजींना खांद्याला धरून सरकवलं आणि संत पारास्केवीला दोन्ही हातांनी पाठमोरं केलं.

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग कळलं. बायकांनी जी किंकाळी फोडली ती कारिदियापर्यंत गेली असेल. पेचकस खोबणीत गेला, डिंक कडकडला आणि चुंबक बाहेर आलं. त्याच क्षणी पुढच्या बाजूने थेआनोचं नाणं टेबलावर पडलं. आवाज अगदी बारीक झाला. पण तो सगळ्यांना ऐकू आला.

आगोरित्साने एक रिकामी लाकडी खुर्ची ओढली, पाठीच्या पातळ फळीमागे चुंबक धरलं, नाणं उचलून पुढून लावलं. चिकटलं. मग खिशातून पिवळं काढून लावलं. पडलं.

"घ्या," ती म्हणाली. "संत खुर्ची. रांग लावा."

मग मात्र आभाळ कोसळलं. कुणी थुंकलं, कुणी तिच्या झग्यावर ऑलिव्हच्या बिया मारल्या; पाद्रीणबाईंनी "श्टुटगार्टची सैतानीण!" म्हणून हात हवेत नाचवले, लाम्ब्रिनी आजींनी काठीने तिच्या पोटरीवर दोन रट्टे दिले आणि दम लागला म्हणून तिसरा राखून ठेवला. पाद्री व्लासिस गरजले, "चालती हो इथून, बाहेर!" ती म्हणाली, "बाहेरच आहोत आपण." आणि या सगळ्या गदारोळावर एकच माणूस मनापासून हसत होता, सरपंच आर्गिरिस; ग्लास हवेत धरून ओरडत होता, "म्हणजे मी पापी नव्हतो! लोखंड नव्हतं माझ्यात, लोखंड!" त्याच्या गिरणीतला माणूसदेखील त्याच्यापासून दोन पावलं लांब सरकला.

थेआनो उठली. तिला बघून लोक हळूहळू गप्प झाले. ती खुर्चीपाशी आली. तिने ते नाणं दोन बोटांनी ओढून काढलं, पुन्हा जवळ नेलं. नाणं बोटांतून निसटून फळीला चिकटलं. पुन्हा काढलं. पुन्हा नेलं. पाच-सहा वेळा तिने तसं केलं, अगदी हळू, आणि मला तिचा चेहरा दिसत होता. त्या दिवशी देवळात तिच्या बोटाला जी ओढ जाणवली होती, जिला तिने संतीणबाईंचा हात मानलं होतं, तीच ही. ओढ ती ओळखत होती. ती खोटी आहे असं तिला आता म्हणता येत नव्हतं.

"तू केलंस हे," ती आगोरित्साला म्हणाली. कोंबडी नव्हती तिथे.

"हो."

"बारा दिवस मी झोपले. रात्रभर. डाव्या कुशीवर सुद्धा झोपले. ते तू केलंस."

"हो."

"आणि आता मोडलंस."

"हो."

थेआनोने तिच्या थोबाडीत मारली. बायकी नाही, खेचरवाल्याच्या पोरीची. आगोरित्साचा चष्मा आजींच्या पायापाशी उडाला. तिने हात वर केला नाही, गालही चोळला नाही. म्हणाली, "सोमवारी सहा वाजता. सहा म्हणजे सहा."

"तुझ्या गाडीत मी मेले तरी बसणार नाही."

"मेल्यावर मी नेणारही नाही."

थेआनो वाचली, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही पुढचं नीट ऐकणार नाही. ऑपरेशन गुरुवारी झालं, डॉक्टरीण म्हणाली की हिवाळ्यात आली असती तर तिने हात लावला नसता. गावाने त्याचं श्रेय अर्थातच संतीणबाईंना दिलं. आगोरित्साच्या वाट्याला पोलीस आले: देवळाच्या वस्तूची नासधूस. अंमलदाराने चुंबक पुरावा म्हणून जप्त केलं. ते त्याच्या टेबलाच्या खणाला असं चिकटलं की आजही तो खण उघडत नाही. देवळाचं काम यानिनाच्या एका माणसाला दिलं. तिचे मेंढवाडे सुटले, चीजवाले सुटले. राहिला फक्त मधवाला, कारण त्याला अस्वलापेक्षा मेव्हण्याची भीती जास्त. आणि नाणी आता मुळीच चिकटत नाहीत, तांबडी नाहीत, पिवळी नाहीत; त्याचा राग गावाने कुणावर धरला हे मी सांगायला नको.

पण त्या सोमवारचं सांगायचं राहिलं. सहाला आगोरित्साची पिकअप बोळात उभी राहिली. सहा वाजून चार मिनिटांनी थेआनो बाहेर आली, हातात पिशवी. मला मध्ये बसवलं, दोघींच्या मधोमध, गिअरच्या दांड्यावर गुडघे ठेवून. सगळ्या वाटेत दोघी एकदाही एकमेकींशी बोलल्या नाहीत. मला तर त्या कोंबडीसारखं वाटत होतं.

"पोस्टमन, तिला सांग, वळणावर गाडी हळू घे."

"पोस्टमन, तिला सांग, चार मिनिटं उशीर केला नसता तर हळू घेतली असती."

दवाखान्यात खिडकीमागे एक तरुण नर्स फॉर्म भरत होती. नाव, वय, गाव. मग म्हणाली, "ऑपरेशनच्या वेळी नात्यातलं कोण हजर राहील? सही लागेल."

थेआनोचा नवरा जाऊन वर्षं झाली होती, पोरबाळ नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या नोटिशी वाचू लागलो. आयुष्यात प्रथमच मी कुणाच्या कामात नाक खुपसलं नाही. आगोरित्सा पुढे आली. नर्सच्या हातातून पेन घेतलं, चष्म्याच्या तुटलेल्या काडीला एका हाताने धरून सही केली.

"नातं काय लिहू?" नर्सने विचारलं.

आगोरित्साने पेन तिला परत दिलं. थेआनोने पिशवीचे बंद दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"वायरमन," ती म्हणाली.

"आजी, तसं नातं नसतं."

"मग लिहा, समोरच्या घरात राहते."

नर्स पेन धरून थांबली होती. मागे रांगेतला एक माणूस चुळबुळ करत होता. थेआनोने वैतागून त्याच्याकडे पाहिलं, मग नर्सकडे, आणि पेनासकट फॉर्म स्वतःकडे ओढून घेतला. चवथी शिकलेल्या अक्षरात, जोर देऊन, कागद फाटेल असं तिने त्या रकान्यात लिहिलं: 'थोरली.'